बॅटरी दिवसा का उतरते

२ एप्रिल २००५, शनिवार

निवृत्त झाल्यापासून आज पहिल्यांदा मला कुणीतरी काम दिलं.

लेक हेरिम दुपारच्या गाडीनं सोलहून आली. पिशवीत नेहमीसारखी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली नव्हती, एक काळी डबी होती, पत्त्यांच्या दोन कॅटांएवढी. वर काचेचा पडदा, कडेला बटणं. गाणी वाजतात, सिनेमे दिसतात, आणि तोंडापाशी धरून बोललं तर तेही टिपून ठेवते. लेकीच्या कंपनीत सगळी मिळून चौदा माणसं. या डबीतली बॅटरी आणि तिची सगळी जोडणी हेरिमनं केलेली. तिची स्वतःची म्हणावी अशी ही पहिलीच वस्तू.

"तीन आठवडे वापरा आणि काय काय चुकतंय ते सांगा," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळे तिशीचे आहेत. साठीचा माणूस हवाय."

"साठीचे काय, बाजारात ढिगानं फिरतात."

"तुमच्याइतका कुरकुऱ्या नाही मिळाला, बाबा."

मी आयुष्यभर रेल्वेचे रूळ तपासले. हातोडीनं ठोकायचं आणि आवाजावरून तडा ओळखायचा. माझ्या हाताखालून गेलेल्या रुळावर गाडी कधी घसरली नाही, त्यामुळे कुरकुऱ्या हे मी कौतुकच समजतो.

मग ती जरा गंभीर झाली. महिनाअखेरीला कारखान्याला होकार कळवायचा आहे. मे महिन्यात डबी दुकानात आली नाही तर मोठ्या कंपन्यांच्या डब्या येतील आणि हिच्या कंपनीला कुलूप लागेल. म्हणजे मी शेरा मारणार तो जपूनच मारला पाहिजे. पण खोटा मारणार नाही, हे मी तिला तेव्हाच सांगितलं. "म्हणून तर तुमच्याकडे आणलंय," ती म्हणाली.

हेरिमची आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "आपण बोललेलं ठेवतं म्हणालीस, ते कसं गं?" हेरिमनं तिला बटण दाखवलं. मला दाखवायच्या आधी.

४ एप्रिल, सोमवार

काम सुरू. पहाटे बोमुनसान डोंगरावर झऱ्याचं पाणी भरायला जातो तेव्हा डबी घरी ठेवतो, पडली तर काय घ्या. दुपारी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जातो, तिथेही नेत नाही. तिथे सगळे सत्तरीच्या पुढचे, मी साठीचा म्हणजे पोरसवदा. कॉफी मी करायची, बादुकच्या पटावरच्या सोंगट्या मी गोळा करायच्या, आणि हातात असली वस्तू दिसली तर वरून टोमणे खायचे.

त्यामुळे तपासणी संध्याकाळी. पडदा स्पष्ट. अक्षरं बारीक, चष्म्याशिवाय वाचता येत नाहीत (लिहून ठेवलं). बटणं माझ्या बोटांना लहान (हेही). आवाज मात्र चोख. रात्री चार्जिंगला लावून झोपलो.

७ एप्रिल, गुरुवार

दोष सापडला, आणि साधासुधा नाही.

बॅटरीच्या चित्रात चार काड्या असतात. सकाळी डोंगरावर जाताना मी पाहतो, चारही भरलेल्या. संध्याकाळी घरी येऊन बघतो, दोन. कुणी हात लावलेला नाही, डबी कपाटावर जिथल्या तिथे. परवा तसंच, काल तसंच, आज तर एकच काडी. चार्ज झाल्यावर रात्रभर चार्जर काढून ठेवला तर मात्र सकाळी होत्या तितक्या काड्या. म्हणजे रात्री शहाण्यासारखी वागते आणि दिवसा स्वतःचंच रक्त पिते.

हिला विचारलं, "डबीला कुणी हात लावला होता का?"

"दिवसभर घरात मी एकटी, कोण येणार हात लावायला?" ती म्हणाली आणि मुळा किसायला बसली. तेही खरंच.

शिवाय कानात घालायच्या बोंडाला तिखटाचा लाल डाग पडलाय. धूळ-माती फार लवकर धरतं. लिहून ठेवलं.

९ एप्रिल, शनिवार

मेव्हणे मिनसाहेब यांनी नोन्सानहून स्ट्रॉबेरीची पेटी पाठवली. बहिणीवर फार जीव. निम्म्या कट्ट्यावर नेल्या.

आज डबीतला आवाजाचा कप्पा उघडून पाहिला. त्यात कुणा बाईचं गाणं आहे, नुसता गळा, साथीला काही नाही. आणि तेच गाणं पुन्हा पुन्हा, सात-आठ वेळा. कंपनीनं आवाजाचा दर्जा पडताळायला भरलेलं असणार. सोमवारी हा कप्पा रिकामा वाटला होता, तेव्हा चष्मा नसेल.

जुनं गाणं आहे. छोट्या स्टेशनावर एक बाई कुणाची तरी वाट पाहते, चंद्र मावळतीला आलाय, गाडीचा पत्ता नाही. बाईचा आवाज गोड आहे, त्यात कुठे चिरका तडा नाही. हे मला कळतं, आवाजाचं माझ्या कानाला वळण आहे. पण मागे कुकर फुसफुसताना ऐकू येतो. स्टुडिओ स्वस्तातला घेतलेला दिसतो.

१० एप्रिल, रविवार

जेवताना हिला म्हटलं, "हेरिमच्या कंपनीनं कोण बाई गायला आणलीय कुणास ठाऊक. गाते बरी, पण दुसऱ्या कडव्यात श्वास पुरत नाही तिला."

हिचा चमचा हवेतच थांबला. "श्वास पुरत नाही?"

"पहिल्या कडव्यातच सगळा उधळून टाकते. जरा हात राखून गायला हवं. आणि संध्याकाळच्या गाडीची वाट बघतेय म्हणे, मग मावळतीचा चंद्र कशाला?"

"गाडीला उशीर झाला असेल."

"आमच्या वेळी इतका उशीर होत नव्हता."

"होत होता," ती म्हणाली. "तुम्ही रुळांवर असायचात, तुम्हाला काय कळणार." मग बाकी कशी गाते, चाल हलते का, शब्द नीट कळतात का, एकेक विचारत राहिली. मला बरं वाटलं. माझ्या कामात तिनं इतका रस रेल्वेत असताना कधी घेतला नव्हता.

१२ एप्रिल, मंगळवार

गोबीकडची पिवळी धूळ आलीय, डोंगर दिसत नाही. हिचा घसा बसलाय. दिवसभर नाशपाती उकळून मध घालून पितेय. "बाहेर जाऊ नकोस," म्हटलं, तर मान हलवून म्हणाली, "बाहेर कुठे जातेय मी, घरातच असते." मग घसा कशानं बसला देव जाणे. घरात खिडक्यांच्या फटी बुजवल्या.

बॅटरी: दोन काड्या.

१४ एप्रिल, गुरुवार

डोक्यात विचार आला की दिवस आणि रात्रीत फरक काय? ऊन. दुपारी कपाटावर ऊन येतं, शिवाय जमीन गरम करायचा बॉयलर अजून चालू आहे. उष्णतेनं बॅटरी गळत असेल तर थंडाव्यात गळणार नाही. पडताळून पाहायचं तर घरात एकसारखी थंडी एकाच ठिकाणी, किमचीच्या, म्हणजे आमच्या तिखट लोणच्याच्या वेगळ्या फ्रिजमध्ये. डबी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळली, मुळ्याच्या डब्याखाली अगदी तळाशी ठेवली आणि डोंगरावर गेलो.

संध्याकाळी घरात पाऊल टाकतो तोच, "डबी कुठे ठेवलीत?"

"तुला कशाला हवीय?"

"धूळ पुसायची होती."

"पिशवीत आहे, धूळ लागत नाही."

"सगळं घर उलथंपालथं केलं मी," ती म्हणाली. पिवळ्या धुळीचं तिनं फार मनावर घेतलंय.

डबी काढली आणि पाहिलं, तर चार काड्या. चारही! मी तिथेच फ्रिजसमोर टाळी वाजवली. डबीला लसणाचा वास येतोय, पण शास्त्राला काही किंमत मोजावी लागतेच.

१५ एप्रिल, शुक्रवार

हेरिमला फोनवर सगळं सांगितलं. उष्णतेनं बॅटरी उतरते, थंडाव्यात उतरत नाही, प्रयोग करून सिद्ध.

"बाबा, बाकी कुणाच्याच डबीला असं होत नाही."

"बाकी कुणी फ्रिजमध्ये ठेवून पाहिली का?"

"नाही," ती बारीक आवाजात म्हणाली. "आम्ही पुन्हा तपासतो."

पोरीचा आवाज ऐकून मला जेवण गेलं नाही. खरं सांगितलं याचा आनंद व्हायला हवा होता.

१८ एप्रिल, सोमवार

कट्ट्यावर प्यॉननं गाठलं. प्यॉन माझ्याबरोबर रेल्वेत होता, आता बायकोच्या टोफूच्या दुकानात टोफू कापतो आणि बाजारातल्या बातम्या वाटतो. येत्या रविवारी वॉर्डाचा फुलांचा मेळा आहे. फुलं कधीच गळून गेली, पण तारीख हिवाळ्यात ठरली होती. त्यात गाण्याची स्पर्धा.

"शनिवारी निवड झाली. बाजारातल्या बायका सांगत होत्या, कुणी मिनबाई म्हणून आहे, तिनं परीक्षकांना गार केलं. तू ओळखत असशील, तुमच्याच गल्लीतली आहे म्हणे."

मी डोक्याला ताण दिला. "गल्लीत मिन कुणी नाही. तिकीट खिडकीवर एक मिन होती, पण ती बुसानला गेली."

प्यॉन माझ्याकडे बघतच राहिला. "अरे मा," तो नेहमीसारखी आडनावानं हाक मारत म्हणाला, "तू रूळ तपासायचास ना? की तुझ्या जागी दुसरंच कुणी जायचं?" त्याला असले फाटे फोडायची सवय आहे. मी सोंगट्या मांडल्या आणि त्याला हरवलं.

हिनं शनिवारीच केस कुरळे करून आणलेत, हे मला आज दिसलं. चांगले दिसतात. वसंत आहे, बायका करतात.

२० एप्रिल, बुधवार

हेरिमचा फोन. त्यांनी डब्या तापवून पाहिल्या, गारठवून पाहिल्या, तीन रात्री कुणी घरी गेलं नाही. काही सापडलं नाही. त्यांचे साहेब म्हणतात, ज्यानं दोष सांगितलाय त्यानं तो मागे घेतल्याशिवाय मी कारखान्याला होकार देणार नाही.

"एकाच डबीत असेल बाबा, ती बिघडलेली असेल. तसं लिहा ना."

"असेल लिहू? रुळाला तडा असेल असं लिहिलं तर गाडी सोडायची की थांबवायची?"

"बाबा, ही गाडी नाहीये."

"तुझीच गाडी आहे," मी म्हणालो. माझा आवाज चढला. तिनं फोन ठेवला.

हिनं सगळं ऐकलं होतं. "काय झालं?" म्हणाली. मी सांगितलं की तुझ्या लेकीच्या डबीची बॅटरी दिवसा आपोआप उतरते आणि त्यापायी सगळं अडलंय. ही मटकन खाली बसली. मग म्हणाली, "रविवारपर्यंत थांबा. रविवारपर्यंत काही लिहू नका."

"रविवारी काय आहे?"

"काही नाही. मन शांत होतं माणसाचं."

रात्री बराच वेळ मी डबी हातात घेऊन बसलो. लेकीचं काम मीच बुडवतोय की काय? पण काड्या तर माझ्या डोळ्यांनी मोजल्यात. चुकतोय कुठे?

२३ एप्रिल, शनिवार

हेरिम स्वतःच आली. माझ्याशी जेमतेम बोलली. डबी घेतली, बटणं दाबत दाबत आवाजाच्या कप्प्यात शिरली आणि कानात बोंडं घातली.

"ते तुमच्या कंपनीचं गाणं आहे," मी म्हटलं. "पहिली काही नीट नाहीत. शेवटची चार ऐक, दुसऱ्या कडव्यात बाई सुधारलीय."

तिनं एक ऐकलं. मग दुसरं. तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं आता रडते. ती उठून स्वयंपाकघरात गेली, दार लावून घेतलं. आतून मायलेकींची कुजबुज, मग काहीतरी पडल्याचा आवाज, मग दोघी तोंड दाबून रडत असल्यासारखा. हे सगळं माझ्या एका शेऱ्यापायी. मी बाहेर बसून जमिनीकडे पाहत होतो.

हेरिम डोळे पुसत बाहेर आली, नाक लाल. "बाबा, अहवाल तुमचा आहे, त्याला मी हात लावणार नाही. उद्या माझ्याबरोबर मेळ्याला चला, आणि परत आल्यावर काय लिहायचं ते लिहा."

"आई येणार नाही?"

"तिला थोडं काम आहे," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे पुसले.

२४ एप्रिल, रविवार

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर जमणार नाही.

बाजाराच्या वाहनतळावर मांडव घातला होता. हेरिमनं मला पुढच्या रांगेत बसवलं, शेजारी प्यॉन, हातात मक्कोलीची, तांदळाच्या दारूची किटली. तांदूळवाल्यानं गायलं, शाळेच्या मुख्याध्यापिकेनं गायलं, एका फौजदारानं गायलं आणि माइक पाडला. मग निवेदक म्हणाला, "आता ऐकूया श्रीमती मिन चुन-ह्वा यांना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. प्यॉनला म्हणालोसुद्धा, "ही बघ तुझी मिनबाई, आता कळेल कोण ती." आणि मान उंचावून पाहायला लागलो.

गुलाबी हानबोक, सणासुदीचा पोशाख घालून, कुरळे केस बांधून हेरिमची आई पायऱ्या चढत होती.

मला वाटलं चुकून चढली. तिला खाली बोलवावं म्हणून मी अर्धा उठलोही. हेरिमनं माझी बाही धरून खाली ओढलं. तेव्हा कुठे ते नाव माझ्या डोक्यात शिरलं. मिन, माहेरचं, मेव्हण्यांचं. आमच्याकडे बाई लग्नानंतरही तेच लावते. चुन-ह्वा, वसंताचं फूल. लग्नाच्या नोंदणीत ते मी माझ्या हातानं लिहिलं होतं. त्यानंतर ती सून झाली, मग हेरिमची आई, आणि ते नाव मी कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं.

"दिव्याखाली अंधार," प्यॉन किटलीत तोंड घालून म्हणाला.

तिनं गायला सुरुवात केली. स्टेशन, चंद्र, न आलेली गाडी. डबीतला आवाज समोर उभा होता आणि मी इतके दिवस त्याला गुण देत होतो! पहिलं कडवं तिनं हात राखून घेतलं. दुसऱ्या कडव्याला माझा श्वास अडकला, तिचा नाही. तो शेवटपर्यंत पुरला, वर उरला. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि मला रडू आलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दुसरा नंबर आला, वीस किलो तांदूळ. पहिला फौजदाराला, तो का ते सगळ्यांना समजलं. तांदळाचं पोतं मी आणि प्यॉननं दोन बाजूंनी धरून घरी आणलं.

जिना चढताना विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर रोज शेजारी बसून चुका काढल्या असत्यात."

"त्या तर तशाही काढल्या."

"हो, पण न ओळखता काढल्यात," ती म्हणाली. "म्हणून खऱ्या वाटल्या. आणि गोड आवाज म्हणालात, तेही."

हेरिम मागून हसत हसत जिन्यातच बसली. कालही ती हसतच होती, रडत नव्हती. दोघीही.

२५ एप्रिल, सोमवार

डोंगरावर गेलो नाही. सकाळी अहवाल लिहिला. दोष लिहिला तर त्याचं कारणही लिहायचं, हा रेल्वेतला नियम. बराच वेळ पेन हातात धरून बसलो आणि मग असं लिहिलं:

"बॅटरी उत्तम. दिवसभर गाणं टिपून घेतल्यावर जितकी उतरायला हवी तितकीच उतरते. अगोदर नोंदवलेला दोष यंत्रात नव्हता. तपासनिसानं घरात आपल्याशिवाय दुसरं माणूस राहतं हे धरलंच नव्हतं. अक्षरं मोठी करावीत, बटणंही. बाकी गाडी सोडण्यास हरकत नाही. मा जोंग-थे."

हेरिमला फोनवर वाचून दाखवलं.  ती खोकली आणि म्हणाली, साहेबांना जसंच्या तसं देते. दुपारी तिचा पुन्हा फोन आला, कारखान्याला होकार गेला. मागे तिच्या ऑफिसात कुणीतरी शिट्ट्या मारत होतं.

"डबी परत पाठवू ना?" मी विचारलं.

"मला काय विचारताय? जिची आहे तिला विचारा."

विचारायला आत गेलो. ती चुलीपाशी पाठमोरी उभी, डबी तोंडाशी धरलेली, नवीनच काहीतरी गात होती. डबीवर टिपून घेत असल्याचा लाल दिवा लागला होता. मी रेल्वेचा माणूस, लाल दिवा पाहून दारातच थांबलो. कडवी बरीच होती. गाता गाता तिचं भाताकडे लक्ष नव्हतं, मला करपल्याचा वास येत होता, पण आवाज केला असता तर तो आत गेला असता.

जेवायला बसल्यावर तिनं विचारलं, "कसा झालाय भात?"

"छान, चुन-ह्वा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच खोटा शेरा मारला, आणि भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.